फाउंडेशन १२ तास टिकवायचे ‘७ नियम’: हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी वाचा

लग्नसराई आली की हा मेसेज दरवर्षी उगवतो. ह्या वर्षी मला तो चार जणींनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी मावशी आणि एक तर माझ्याकडेच बुकिंग केलेली नवरी! ‘ऑइली स्किन असेल तर हे ७ नियम पाळा, फाउंडेशन १२ तास हलणार नाही.’ नियम असे: मॉइश्चरायझर लावू नका, मेकअपआधी बर्फ चोळा म्हणजे पोर्स (त्वचेवरची बारीक छिद्रं) बंद होतात, प्रायमरऐवजी (म्हणजे फाउंडेशनखाली लावायच्या क्रीमऐवजी) मिल्क ऑफ मॅग्नेशिया लावा, सिलिकॉनवालं फाउंडेशन घेऊ नका, शेड एक नंबर उजळ घ्या, जाड थर देऊन वरून हेअरस्प्रे मारा, आणि दर तासाला पावडर लावत राहा. खाली ‘डॉक्टरांनी सांगितलेलं’ असं लिहिलंय, कुठल्या डॉक्टरांनी ते काही लिहिलेलं नाही.

मी सिंहगड रोडला घरातूनच ब्रायडल मेकअप करते, आणि माझं स्वतःचं नाक दुपारी एकला असं चमकतं की त्यात बघून टिकली लावता येईल. म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

पहिला नियम, मॉइश्चरायझर नको. ह्यामागचा समज असा की तेल आहेच तर अजून कशाला. पण मॉइश्चरायझर त्वचेत पाणी धरून ठेवतं आणि चेहऱ्यावरचं तेल सेबेशियस ग्रंथींमधून येतं, दोन्ही वेगळी खाती आहेत. त्या ग्रंथी हार्मोन्सचं ऐकतात, मुख्यतः अँड्रोजेन्सचं, आणि थोडं आईवडिलांकडून काय आलंय त्याचं. तुम्ही वरून क्रीम लावलं की नाही हे त्यांच्या गावीही नसतं. (ह्याच्या उलटं पण एक फिरतं, की त्वचा कोरडी ठेवली तर ती चिडून जास्त तेल सोडते. त्यालाही भक्कम असा पुरावा नाहीये, तेव्हा आपल्या बाजूचं आहे म्हणून मी ते वापरणार नाही.)

मावशीचा विश्वास बसेना म्हणून मी मे महिन्यात एका मंगळवारी अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग केला. डाव्या बाजूला मेसेजप्रमाणे, म्हणजे नुसता फेसवॉश आणि थेट फाउंडेशन. उजव्या बाजूला मुगाएवढं जेल मॉइश्चरायझर, पाच मिनिटं थांबून तेच फाउंडेशन. सकाळी साडेदहाला लावलं, मग स्कूटीवरून लक्ष्मी रोडला जाऊन आले, तुळशीबागेत तासभर फिरले, चार वाजता घरी येऊन आरशासमोर बसले आणि दोन्ही बाजूंना एकेक टिश्यू दाबला. तेलाचे डाग दोन्हीकडे सारखेच. पण डावीकडे नाकाच्या बाजूला फाउंडेशनला भेगा पडलेल्या, ओठाच्या कोपऱ्याजवळ पापुद्रे, आणि हनुवटीवर जिथे त्वचा ओढल्यासारखी झाली होती तिथे ठिपके ठिपके. पुण्याचा उन्हाळा मुंबईसारखा दमट नाही, एप्रिल-मे मधे दुपारची हवा अशी कोरडी असते की वाळत घातलेली ओढणी अर्ध्या तासात कडक होते, आणि त्यात ऑफिसचा एसी असेल तर विचारूच नका. चेहरा तेलकट आणि तरी आतून कोरडा, असं होऊ शकतं. जुलैमधे हवा दमट झाली की मीसुद्धा मॉइश्चरायझर निम्म्यावर आणते, पण बंद नाही करत. एका चेहऱ्यावर एका दिवसाचा प्रयोग म्हणजे काही शास्त्र नव्हे, कबूल, पण मावशी गप्प झाली.

बर्फाचं पटकन उरकते. पोर्सना दार नसतं, त्यांना उघडायला-मिटायला स्नायूच नसतात. थंडीने रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात, सूज उतरते, सकाळी सुजलेल्या डोळ्यांना बरं वाटतं, तेवढ्यापुरतं ठीक. पण बर्फ थेट चोळू नका, रुमालात गुंडाळून घ्या. मावशीने काकडीच्या रसाचा ट्रेभर बर्फ करून ठेवला होता, तो आम्ही शेवटी ताकात घातला.

आता मिल्क ऑफ मॅग्नेशिया. हे ऐकून माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, कारण त्यांच्या घरी ती बाटली पोट साफ होण्यासाठी कपाटात असायची. पण हा नियम अगदीच हवेतला नाही, ते मान्य करायला पाहिजे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वाळलं की पांढरी पावडर राहते, ती तेल शोषते, चेहरा दोन तास मॅट दिसतो. प्रश्न असा की त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण १०.५ आहे आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. त्वचेवरचा तो किंचित आम्लधर्मी थर जंतूंना लांब ठेवायचं काम करतो, रोज रोज त्यावर अल्कली फासली की आग, लाली, कोरडेपणा हे ओघाने आलंच. आणि गंमत पुढेच आहे. आपल्याकडे मेडिकलमधे त्या नावाने जे सिरप देतात त्यात बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन मिसळलेलं असतं, म्हणजे चक्क मिनरल ऑइल! तेल शोषायला म्हणून तेलच लावायचं. लेबल न वाचता ते चेहऱ्यावर लावून फाउंडेशन घसरलं म्हणून माझ्याकडे आलेली मुलगी मी पाहिलीये. काही लावायचंच असेल तर काओलिन आणि झिंक ऑक्साइडवालं कॅलामाइन लोशन पातळसं, फक्त नाक-कपाळावर, ते चालेल. पण ते पूर्ण वाळू द्या, नाहीतर फाउंडेशनबरोबर गोळे होतात.

सिलिकॉनबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे मेसेजने अख्खी गाडी उलटी फिरवलीये. फाउंडेशन टिकतं कसं? लाँगवेअर, म्हणजे जास्त तास टिकणाऱ्या फाउंडेशनमधे एक उडून जाणारं द्रव्य असतं, आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेनसारखं, आणि एक मागे राहून पातळ पापुद्रा धरणारं, बऱ्याचदा ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट. नाव वाचताना जीभ अडखळते पण डब्यामागे शोधा, सापडेल. ज्या नावात ‘सिलॉक्स’ दिसतं ती सिलिकॉनचीच भावंडं. पहिलं उडून जातं, दुसरं रंगाला घेऊन त्वचेवर बसतं, आणि हा पापुद्रा घामाला-तेलाला सहजासहजी दाद देत नाही. एस्टी लॉडरचं डबल वेअर १९९७ ला आलं आणि लाँगवेअर म्हटलं की अजून त्याचंच नाव निघतं, त्याच्या घटकांमधे पाण्याच्या मागोमाग हीच मंडळी बसलेली आहेत. म्हणजे ज्याला टाळा म्हणतात तेच टिकवणारं आहे. तेवढं महाग घ्या असं मी म्हणत नाहीये, तुळशीबागेतल्या नेहमीच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या मॅट फाउंडेशनच्या मागेही हीच नावं दिसतील, फक्त सीलबंद आहे ना आणि तारीख बघून घ्या.

‘पोर्स बंद करतं, पिंपल्स येतात’ हे सिलिकॉनला चिकटवलेलं पाप. डायमेथिकोन हे मेकअपमधलं नेहमीचं सिलिकॉन भाजलेल्या-खरचटलेल्या त्वचेच्या मलमातसुद्धा वापरतात, आणि त्याने मुरमं येतात असं दिसलेलं नाही. पिंपल्स बऱ्याचदा येतात ते रात्री मेकअप तसाच ठेवून झोपल्याने आणि दोन महिने न धुतलेल्या स्पंजने. आणि डब्यावरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे पोर्स न बुजवणारं) ह्या शब्दावर पण फार विसंबू नका, त्याला कायद्याने ठरवलेली पक्की व्याख्या नाही, आणि जुन्या चाचण्या तर सशाच्या कानावर केलेल्या आहेत. आपला गाल काय म्हणतो ते बघायला जबड्याच्या कडेला आठ-दहा दिवस लावून पाहणं हेच बरं.

शेडचा नियम. ‘फाउंडेशन ऑक्सिडाइझ होऊन काळं पडतं म्हणून एक नंबर उजळ घ्या.’ अर्धं निरीक्षण बरोबर आहे, दुपारपर्यंत रंग गडद होतो खरा. पण त्यातला लाल-पिवळा रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, जवळपास गंजच, आणि गंजाला अजून काय गंज चढणार! पहिल्या पावसात माती कशी एकदम गडद दिसते, तसं रंगाचे कण तेलात भिजले की गडद दिसतात, आणि उडणारं द्रव्य उडाल्यावर रंग दाट होतो तेही आहेच. उपाय उजळ शेड नाही, थांबणं आहे. जबड्यावर तीन शेडच्या तीन रेघा ओढा, मानेपर्यंत, दुकानातून बाहेर या, चहा घ्या, अर्ध्या तासाने उजेडात बघा, जी रेघ दिसेनाशी झाली ती तुमची. मी वीस वर्षांची असताना ट्यूबलाइटखाली काउंटरवाल्या बाईंच्या सांगण्यावरून दोन नंबर उजळ घेतलं होतं, बहिणीच्या लग्नाच्या अल्बममधे मी गिरणीतून दळण घेऊन थेट मांडवात आल्यासारखी दिसते. सावळ्या रंगावर उजळ शेड गोरी दिसत नाही, राखाडी दिसते. आणि फ्लॅशमधे तर अजून, त्यात वरून सिलिकावाली पांढरी पावडर असेल तर डोळ्यांखाली चक्क भस्म लावल्यासारखं. लग्नाच्या आदल्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा, बास.

जाड थर. हा नियम वाचून मला खरंच राग येतो, कारण निस्तरायला आम्हीच असतो. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, मग हसलं की सरकतो. मागच्या सीझनला एका नवरीला मी नाकावर आणि कपाळाच्या मधोमध जवळजवळ नुसता हात पुसला इतकंच फाउंडेशन लावलं, तिची आई मागे उभी राहून ‘अजून लावा हो, पैसे भरलेत’. लोकांचं नेहमी हेच होतं की जिथे तेल जास्त तिथे फाउंडेशन जास्त, वास्तविक तिथेच सगळ्यात कमी पाहिजे. गालांवरून सुरुवात करायची, एक पंप पूर्ण चेहऱ्याला पुरतो, ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने थापायचं, घासायचं नाही, आणि मग दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. हीच ती मिनिटं, ते द्रव्य उडून पापुद्रा धरायची. डाग दिसत असेल तर तेवढ्याच जागी दुसरा हात. मग पावडर पफवर घेऊन, पफ मुडपून, जास्तीची झटकून, दाबून लावायची. ती नवरी होमासमोर दीड तास बसली, तोंडावर धूर, कपाळावर मुंडावळ्या, लाजाहोमात घामाच्या धारा, आणि नंतर फोटोला आली तेव्हा मुंडावळ्यांखाली एक बारीक रेघ उमटली होती, बाकी सगळं जागेवर. रेघ मी बोटाने थापून घालवली. १२ तास काही न हलता वगैरे नाही हं, सहा-सात तासांनी नाकाला टचअप लागलाच, आणि तो लागणारच.

हेअरस्प्रेबद्दल एकच, ‘डोळ्यांपासून लांब ठेवा’ असं त्याच डब्यावर लिहिलेलं असतं, तो तोंडावर कसा मारणार? मेकअपचा सेटिंग स्प्रे वेगळा मिळतो.

दर तासाला पावडर. तेलावर पावडर टाकली की काय होतं ते कणीक मळणाऱ्या कुणालाही कळेल. आधी तेल टिपायचं, ब्लॉटिंग पेपरने नाहीतर साध्या टिश्यूचा एक पदर सुटा करून, दाबून उचलायचं. मग वाटलंच तर पावडर, ती पण फक्त नाकावर. दिवसातून दोनदा पुरे होतं.

मेसेजमधे जे लिहिलंच नाही ते दोन विषय. एक, फाउंडेशनमधे एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण ते सांगणारा आकडा) आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका. डब्यावरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो आणि तेवढं फाउंडेशन कुणीच लावत नाही. सनस्क्रीन आधी, पंधरा मिनिटं बसू द्या, मग बाकीचं. दुसरं, काढणं. असलं फाउंडेशन नुसत्या फेसवॉशने निघत नाही, मग मुली तीन तीनदा खसाखसा धुतात आणि दुसऱ्या दिवशी चेहरा लालभडक. क्लीन्सिंग बाम किंवा क्लीन्सिंग ऑइल कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवा, पाण्याने पांढरं होऊ द्या, मग फेसवॉश. ऑइली स्किनवर तेल कसं लावू म्हणाल तर ते धुऊन जाणारं आहे. घरातलं खोबरेल मात्र मुरमं येणाऱ्यांनी नको.

आणि पुण्यातल्या मुलींचा खरा शत्रू तेल नाहीच, स्कार्फ आहे. नाकावरून आवळून बांधलेला सुती स्कार्फ सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे चाळीस मिनिटं घासला की कुठल्याही कंपनीचं फाउंडेशन त्यावर छापलं जातं. पापुद्रा पूर्ण वाळायच्या आत तर बांधूच नका, दहा मिनिटं आधी तयार व्हा. मी तर नाकाचा आणि हनुवटीचा भाग ऑफिसच्या वॉशरूममधे पोचल्यावर करा असंच सांगते, पर्समधे छोटा स्पंज आणि एका लहान डबीत वाटाण्याएवढं फाउंडेशन, दोन मिनिटांचं काम.