दहा लाख आकड्यांचा आलेख काय सिद्ध करतो?

सोलापुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो: पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँडम मॉड्यूलमधून दहा लाख आकडे काढले, प्रत्येक अंक जवळपास सारख्याच वेळा आला, शिवाय त्याचे आवर्तन, म्हणजे आकड्यांचा तोच क्रम पुन्हा सुरू होईपर्यंतची लांबी, अफाट आहे; तेव्हा सोडतीपासून पासवर्डपर्यंत ते कुठेही निर्धास्त वापरावे. यातली निरीक्षणे खरी आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला मुद्दा समान वाटणीचा. 0 ते 9 हे अंक ओळीने पुन्हा पुन्हा लिहीत गेलो तरी प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो. आयबीएमच्या संगणकांवर 1960च्या दशकात सर्रास वापरली गेलेली, यादृच्छिक आकडे बनवण्याची रँडू ही पद्धत आधीच्या संख्येला 65539 ने गुणून 2 च्या 31व्या घाताने भागायची आणि उरलेली बाकी पुढची संख्या म्हणून द्यायची. सुटे आकडे पाहिले तर वाटणी नीट दिसते. पण सलग तीन-तीन आकड्यांचे बिंदू त्रिमितीत मांडले की ते सगळे अवघ्या 15 समांतर प्रतलांवर पडतात, कारण 65539 म्हणजे 2 चा 16वा घात अधिक 3, आणि त्यामुळे प्रत्येक संख्या ही आधीच्या संख्येच्या सहापटीतून तिच्याही आधीच्या संख्येची नऊपट वजा करून, त्याच भागाकाराची बाकी घेतली की मिळते. आपल्याकडच्या चादरीची नक्षी वीतभर तुकड्यावरून कळत नाही, चादर पसरावी लागते; इथेही तेच.

आवर्तनाचे म्हणाल, तर पायथनचे रँडम मॉड्यूल ज्या पद्धतीने आकडे बनवते त्या मर्सेन ट्विस्टरचे आवर्तन 2 चा 19937वा घात वजा 1 इतके लांब आहे खरे, पण 19937 बिटांचा, एकेकाने वाढत जाणाऱ्या साध्या मोजणीयंत्राचे आवर्तनही जवळपास तेवढेच लांब असते. टेस्टयू01 या 2007 च्या चाचणीसंचातील बिगक्रश या चाचण्यांच्या गटात हाच मर्सेन ट्विस्टर रेषीय गुंतागुंतीच्या, म्हणजे बिटांची मालिका किती साध्या सूत्राने पुन्हा बनवता येते हे पाहणाऱ्या, चाचण्यांत नापास होतो. नेहमीच्या सिम्युलेशनला त्याने सहसा अडत नाही.

पासवर्डचा दावा मात्र मला सर्वांत घातक वाटतो. मर्सेन ट्विस्टरचे 32 बिटांचे सलग 624 आकडे हाती आले की त्याची संपूर्ण अंतर्गत अवस्था उलगडते आणि पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. सांख्यिकी चाचण्या वाटणी तपासतात, मुद्दाम अंदाज बांधणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नसतो. पायथनच्या अधिकृत माहितीतही सुरक्षेसाठी हे मॉड्यूल वापरू नये असे बजावले आहे, आणि 3.6 या आवृत्तीपासून त्यासाठी सीक्रेट्स हे वेगळे मॉड्यूल दिलेले आहे. सोडतीतही, प्रोग्राम लिहिणाऱ्याने सीड, म्हणजे आकड्यांची मालिका जिच्यापासून सुरू होते ती संख्या, घड्याळातल्या सेकंदावरून घेतली असेल, तर सोडतीचा दिवस माहीत असणाऱ्याला केवळ 86,400 शक्यता तपासाव्या लागतात.