चिन्ह बदलून करणी (√२, √३ सारखं मूळ) छेदातून वर नेण्याच्या 'ट्रिक'बद्दल खुलासा
लातूरच्या नववीच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "छेदात दोन करण्यांची वजाबाकी असेल तर चिन्ह बदलून सरळ वर घ्या, झालं उत्तर." सोबत उदाहरण: १/(√३−√२) = √३+√२.

उदाहरण बरोबर आहे, नियम चुकीचा.

१/(√५−√३) घ्या. मेसेजप्रमाणे उत्तर √५+√३, म्हणजे सुमारे ३.९६८. आता थेट भागून बघा: २.२३६−१.७३२ = ०.५०४, आणि १ ÷ ०.५०४ म्हणजे साधारण १.९८४. बरोबर निम्मं!

हा निम्मा कुठून आला? अनुबद्ध जोडीने, म्हणजे मधलं चिन्ह बदललेल्या √५+√३ ने, अंश आणि छेद दोघांनाही गुणायचं असतं. छेदात (√५)²−(√३)² = ५−३ = २ उरतो. उत्तर (√५+√३)/२. √३−√२ मध्ये ३−२ = १ येतो, म्हणून तिथं छेद दिसेनासा होतो. √७−√२ असेल तर खाली ५ राहणारच.

पोरांनो, छेदाचा गुणाकार वहीत लिहाच. तीच एक ओळ गाळली की उत्तर हुकतं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर हेही त्याच ग्रुपवर टाका.