दुसऱ्याचा पगार कापला गेला की काय बोलावे?

तुमच्या भावकीत, गल्लीत किंवा सोयऱ्यांत एखादा पायलट असेलच. नसला तर शोधून काढा. उसाच्या दरावर बोलायला निदान दर माहीत असावा लागतो. पायलटचा पगार कापला गेला, या विषयाला काहीच माहीत असावं लागत नाही. विषय ताजा, फुकट आणि ऐकणारे हमखास आपल्याच बाजूचे.

मागच्या रविवारी सांगलीच्या विश्रामबागेत एका साखरपुड्याला गेलो होतो. आमचे एक पाहुणे आहेत, त्यांना इथं नुसतं अण्णा म्हणू. पंगतीत माझ्या पोराच्या कापलेल्या पगारावर अण्णा जे काही बोलले, ते ऐकून वाटलं की ही विद्या त्यांच्यापाशीच राहायला नको. म्हणून ही टिपणं.

मी कोण, तर एस.टी.त २९ वर्षं ड्रायव्हर. पोरगा विमानात को-पायलट. घराण्याचा धंदा एकच, फक्त त्याच्या वाटेतले खड्डे दिसत नाहीत.

तर, सुरुवात "शेवटी ड्रायव्हरच की" या वाक्यानं करावी.

मग थेट आकड्यावर यावं. "हातात किती पडत्यात?" आकडा कळला की कान मिटून घ्यावेत, कारण पुढचं ऐकून विषयाची सगळी मजा जाते. पुढं पोरगा सांगायला लागतो की कमर्शियल लायसनसाठी २०० तास उडवावे लागतात आणि त्या प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. नुसत्या लायसनवर कोणी मोठ्या विमानात बसवत नाही, ज्या जातीचं विमान त्या जातीचं टाइप रेटिंग, म्हणजे खास शिक्षण, वेगळं, त्याचे पैसे वेगळे. तासगावाकडची आमची सव्वा एकर द्राक्षबाग त्यात गेली. राहत्या घराच्या उताऱ्यावर बोजा चढला. हप्ता दरमहा ६२ हजार. २०२० च्या २५ मार्चला देशातली विमानं जमिनीवर बसली, ती २५ मेपर्यंत उठली नाहीत. व्याज तेवढं रोज उडत होतं. विमानं सुरू झाल्यावरही पोरगा बरेच महिने बिनपगारी रजेवर घरी होता, आईबरोबर शेंगा फोडत बसायचा. त्या दिवसांत अण्णांचा आवर्जून फोन आला होता. "भडंगाचा गाडा टाक म्हणावं, सांगलीचं नाव हाय." काळजीपोटीच म्हणाले.

आता झोप. पायलट दमला असं कोणी म्हणालं, तर "आटोपायलट कशाला असतंय मग?" असं विचारून शेजाऱ्याला टाळी द्यावी. साखरपुड्यात अण्णांनी हेच केलं. पोरगा तीन रात्री ओळीनं ड्युटी करून, कोल्हापूरला उतरून तसाच हॉलवर आला होता. माझ्या शेजारी बसला, मसालेभात चिवडला, जिलेबीचा तुकडा उचलला आणि तो हातात धरूनच त्याचा डोळा लागला. पाक मनगटावरून शर्टाच्या बाहीत चालला होता. मी हळूच तुकडा काढून घेतला, तरी त्याला कळलं नाही. तेवढ्यात समोरून अण्णा, "रात्रभर मशीन चालवतंय, आणि झोपतोय ह्यो!" सगळी पंगत हसली. मीही हसलो. पाहुण्यांत हसावं लागतं.

पायलटला आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यायची आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणायची, असे नियम २०२५ मध्ये लागू झाले. त्याच डिसेंबरात विमानांचा जो बोजवारा उडाला त्यात अण्णांच्या जावयाचं पुण्याचं विमान रद्द झालं. वेळेवर माणसं न भरणाऱ्या कंपनीला अण्णांनी काही म्हटलं नाही. "ह्यांना आता झोपायचाबी पगार पायजे," असं मात्र मला फोन करून सांगितलं. आमच्या कवलापूरच्या माळावर विमानतळ होणार, हे ऐकत माझे केस पिकले. सांगलीत विमान उतरत नाही म्हणून काय झालं, विमानातले तज्ज्ञ तर घरोघरी उतरलेत.

तासांचा हिशेब शक्यतो समजून घेऊ नये. मला तो लगेच समजला, कारण आमच्याकडं स्टेअरिंगचे तास आणि स्प्रेडओव्हर, म्हणजे ड्युटी लागल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा वेळ, ही भानगड आयुष्यभर होती. गाडी फलाटाला लावून घाटातली वाहतूक सुटायची वाट बघत बसलेला ड्रायव्हर ड्युटीवरच असतो, पण त्याचे हात स्टेअरिंगवर नसतात. पोराचंही तेच. विमान जागेवरून हललं की उड्डाणाचा तास सुरू. त्याआधी तीन तास विमानतळावर ताटकळलास तर तुझं तुझ्यापाशी. महिन्याला ठरावीक तासांचा पगार नक्की आणि त्यावर उडवलं तर जास्त, अशी साधारण रीत. कपात करायची तर पगाराला हात लावायची गरजच नाही, नक्की मिळणारे तास कमी करायचे. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या पायलटांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि विमानं रद्द झाली, ती ह्याच दुखण्यापायी. नव्या करारात ७० तासांचे ४० तास झाले होते. पोराच्या कंपनीनंही यंदा तीच कात्री चालवली. आणि हा गडी नोकरी सोडतो म्हणाला तर सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टन असेल तर वर्षाची. २०१७ पासून नियमच आहे तसा. पगार कापायला कंपनीला एक ई-मेल पुरतो.

मेडिकलचा, म्हणजे पायलटच्या डॉक्टरी तपासणीचा विषय निघाला तर "आमचीबी शुगर वाढल्या की" म्हणावं.

सिनिऑरिटीवर बोलायचं असेल तर स्वतः बोलू नये, पायलटांनाच बोलू द्यावं. ती करमणूक जास्त चांगली. पोराच्या मोबाईलवर त्यांचा ग्रुप बघितला आणि मला माझा डेपो आठवला. आमच्याकडं जितके फलाट तितक्या संघटना. मुक्कामी गाडी कोणाला, सकाळची सोपी फेरी कोणाला, यावरून कॅन्टीनमध्ये कपबशा फुटायच्या. इथं उजव्या सीटवरून डाव्या सीटवर, म्हणजे को-पायलटचा कॅप्टन, आधी कोण होणार, यावरून चाललंय. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. बसलेल्या कंपनीतला कॅप्टन दुसरीकडं येतो आणि म्हणतो, माझे आठ हजार तास काय कृष्णेत सोडू? रांगेत थांबलेला को-पायलट म्हणतो, मी पाच वर्षं इथं थांबलोय ते काय तुझी बॅग धरायला? तरुण म्हणतात, म्हाताऱ्यांनी ६५ पर्यंत कशाला चिकटून राहायचं? म्हातारे म्हणतात, तुम्ही कर्ज काढून शिकलात ती आमची चूक का? दोन्हीकडचे खरं बोलतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. त्या एका रात्रीत ग्रुपवर चारशे मेसेज होते. कपातीच्या ई-मेलवर मोजून सहा, त्यातले दोन हात जोडलेले. पोराला म्हणालो, "बाळा, यादीतला नंबर वर गेला आणि यादीच स्वस्त झाली, तर काय मिळवलंस?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." हे वाक्य मी माझ्या टी.सी.ला, म्हणजे डेपोच्या ट्रॅफिक कंट्रोलरला, शंभरदा ऐकवलं होतं.

आता पेन्शन. हा विषय जेवणाच्या शेवटी, मठ्ठा आल्यावर काढावा. अण्णांनी तसाच काढला. "पायलटला कशाला पायजे पेन्शन? चार वर्षं उडवलं की सात पिढ्यांचं झालं." अण्णा हायस्कूलचे रिटायर्ड मास्तर. २००५ च्या आधीचे, म्हणजे जुन्या पेन्शनचे, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता. महिन्याला ४५ हजारांच्या पुढं. मिळावेतच, माझी तक्रार नाही. मला ईपीएस-९५ चे, म्हणजे पी.एफ.वाल्यांच्या पेन्शन योजनेचे, तीन हजारांच्या आसपास मिळतात. त्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, आजही. आणि पोराला? १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि पगार १५ हजारांच्या वर असलेल्या माणसाला ती योजना लागूच होत नाही. म्हणजे मास्तरला ४५, ड्रायव्हरला ३ आणि पायलटला शून्य. पी.एफ. तेवढा आहे. डोळ्यात, कानात किंवा काळजात काही निघालं आणि डॉक्टरनं कागदावर सही केली नाही, तर चाळिशीतच घरी, कर्जासकट. पंगतीत हे सगळं सांगायला गेलो, तर अण्णा मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "माज आलाय बघा सगळ्यांना."

माज.

हा शब्द मी आधी ऐकलाय, अण्णा. तुमच्याच तोंडून. २०२१ च्या दिवाळीत एस.टी.चा संप झाला तेव्हा मी रिटायर झालो होतो, तरी रोज स्टँडासमोरच्या मांडवात जाऊन बसायचो. बारा-चौदा हजारांवर संसार ओढणारी पोरं होती ती. राज्यभरात किती जणांनी त्या दिवसांत जीव दिला. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "ड्रायव्हर-कंडक्टरची लायकी तेवढीच, आणि माज बघा." बारा हजारवाल्यानं तक्रार केली तर त्याची लायकी नाही. दोन लाखवाल्यानं केली तर त्याला गरज नाही. मग तक्रार करायची कोणी? किती पगार असला म्हणजे माणसानं तोंड उघडलेलं तुम्हाला चालतं, तो आकडा एकदा सांगून टाका.

आणि मार्च २०२३? "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत तुमचा मुलगा संपावर होता. शाळा बंद, दहावीच्या परीक्षा चालू. तुम्ही रिटायर माणूस, पोरासाठी टोपी घालून मोर्चात गेलात. तुम्हाला तिथं माझ्या स्कूटरवरून कोणी सोडलं? मी. ऊन लागेल म्हणून बाटली कोणी भरून दिली? माझ्या बायकोनं. आम्ही म्हणालो का माज? तुमच्या मुलाचा महागाई भत्त्याचा हप्ता लांबला की तुम्ही मला रात्री फोन करता, मी तासभर ऐकून घेतो. माझ्या पोराचा पगार तिसऱ्या हिश्श्यानं खाली आला आणि तुम्हाला पंगत हसवायचं सुचलं. त्याला साधं "झोप झाली का रे?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात होता तो. विमानाचा पहिला निबंध त्यानं तुम्हाला लिहून दाखवला होता, आणि तुम्ही दहापैकी नऊ दिले होते.

त्या दिवशी त्याला मागच्या सीटवर आडवा केला आणि घरापर्यंत गाडी मीच आणली. एक गतिरोधक आपटला, तरी उठला नाही.

पुढच्या महिन्यात लग्न आहे, आमंत्रण आम्हाला दोघांनाही आहे. तो येणार आहे. तुम्ही या, जिलेबी खा, मठ्ठा प्या आणि गप बसा.