‘शुभविवाह’मधला भ: आपल्या तक्रारीला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या छपाईच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेलं दोनदा वाचलं. लग्नपत्रिका चित्रासारखी दिसते पण वाचता येत नाही. ‘शुभविवाह’चं ‘शुमविवाह’ झालं. फोन नंबरातला शेवटचा ९ पाहुण्यांना १ वाटला आणि फोन भलत्याच घरी लागला. ‘लग्न’मधला ल आणि ‘शुभविवाह’मधला श हिंदी वळणाचे आहेत. आणि इंटरनेटवर फॉन्ट फुकट मिळत असताना आम्ही अक्षरांचे २,२०० रुपये वेगळे घेतले.

पहिल्या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि चूक आमची आहे. ऐन लग्नघाईत आपल्याला घरोघरी पुन्हा फोन करावे लागले, याचं फार वाईट वाटतं. मनापासून माफी मागतो.

आपली एक पत्रिका दुकानात उरली होती. काल ती ट्यूबलाइटखाली धरून पट्टी लावली. ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेघ जिथे तुटायला हवी, तिथली फट अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. त्यावर सोनेरी फॉइल. फॉइल तापलेल्या ठशानं दाबतात तेव्हा ते कडेला जरा पसरतं आणि एवढीशी फट बुजून जाते. फट बुजली की भचा म होतो, धचा घ होतो. खालच्या ओळीत ‘वधू’चंही तेच झालंय, आपण लिहिलं नाहीत, पण मला दिसलं. आम्ही प्रूफ स्क्रीनवर चौपट मोठं करून पाहिलं आणि तसंच आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खऱ्या मापात, त्याच हातकागदावर एक प्रत दाबून पाहायला हवी होती. ती पाहिली नाही.

ही अक्षरं आली कुठून, तेही सांगतो. आपल्या लेकीनं माणिकबागेचे फोटो आणले होते. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसिउस यांच्याकडून उभारून घेतलेला तो महाल. तिला त्याच काळाच्या वळणाची अक्षरं हवी होती, आणि आपल्या इंदूरची मुलगी हे मागते याचा मला खरंच आनंद झाला. म्हणून वर्तुळ, सरळ रेघ आणि त्रिकोण एवढ्यावरच बेतलेला, आमच्याच दुकानात आखलेला टाइप, म्हणजे अक्षरांचा संच, वापरला. त्या काळी युरोपात असे टाइप पुष्कळ निघाले. पॅरिसमध्ये पोस्टर-चित्रकार कासांद्रनं १९२९ साली ‘बिफ्यूर’ काढला. त्यात अक्षराचा बराचसा भाग गाळून तिथे नुसत्या बारीक रेघा भरल्या होत्या. तो होता जाहिरातीतल्या एखाद्या ठळक शब्दासाठी. फोन नंबर त्यात कुणी छापू नये. आम्ही नेमकं तेच केलं. नावं, ‘शुभविवाह’, मुहूर्त, पत्ता, नंबर, सगळं एकाच टाइपात, कारण पान एकजीव दिसत होतं.

देवनागरीत हे जास्तच बाधतं. आपलं अक्षर बोरूच्या तिरप्या कापातून आलेलं, कुठे जाड कुठे बारीक. कंपासनं आखलं की सगळी रेघ एकाच जाडीची होते, गाठी भरतात, आणि ९ची गाठ भरली की तो १कडे झुकतो. जर्मन अक्षरकार पाउल रेनरचा १९२७चा ‘फुटुरा’ टाइप कंपास-पट्टीनं काढल्यासारखा दिसतो, पण त्यातही रेघा जिथे जुळतात तिथे हातानं बारीक केलेल्या आहेत. आमच्या टाइपात मोठ्या मापाला ती मेहनत झाली होती, लहान मापाला नाही.

ल आणि शबद्दल आपलं बरोबरच आहे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनानं २००९मध्ये तेच प्रमाण मानले. इथे दिवसभर हिंदी कामं चालतात, त्यात आमची नजर मेली. दोन्ही अक्षरं आता मराठी वळणाची केली आहेत.

पैशांबद्दल मात्र थोडं बोलतो. फुकट फॉन्ट चांगले असतात. ‘मुक्ता’ फुकट आहे, आणि पत्ता त्यातच घातला असता तर ही तक्रार आलीच नसती. २,२०० रुपये होते ते दोन्ही नावांतली जोडाक्षरं आमच्या मुलानं तीन दिवस बसून नव्यानं काढली, त्याचे. ती नावं पत्रिकेवर बोटभर उंचीची आहेत आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतात. ते काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तरीही जी पत्रिका वाचता येत नाही तिच्या अक्षरांचे पैसे ठेवणं मला पटत नाही. पूर्ण रक्कम आज आपल्या खात्यात परत केली आहे.

आपण आभारपत्रं छापायची म्हणाला होतात. ती आमच्याकडून, विनामूल्य. वर नावं लेकीच्या आवडीच्या अक्षरांत, बाकी मजकूर साध्या टाइपात, साध्या काळ्या शाईत. या वेळी प्रूफ फोनवर पाठवणार नाही. कागदावर छापून घरी घेऊन येतो. आपल्या सासूबाईंनी चष्म्याशिवाय वाचून पास केलं, तरच पुढचं छापू.