गूळ खाल्ल्याने जस्ताचा धूर पचत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मेहुण्याने पाठवला आणि शेवटी वागळे इस्टेटमधल्या जुन्या सोबत्याने. मथळा असा: ‘घरच्या घरी वेल्डिंग, १० मिनिटांत शिका, फॅब्रिकेटरचे पैसे वाचवा’. खालचे मुद्दे थोडक्यात सांगतो. वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन घरातल्या कुठल्याही प्लगवर चालतं. काळा गॉगल पुरतो, डोळ्यांना आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची प्रखर ज्योत) लागलाच तर बटाट्याच्या चकत्या ठेवा. धुरावर उपाय म्हणजे गुळाचा खडा. वेल्डिंगचा रॉड घ्यायचा तर ७०१८ नंबरचा, तोच मजबूत. आणि पहिल्याच दिवशी गॅलरीत बसून गॅलरीचं ग्रिल बनवा.

मी बावीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढली. घरी वेल्डिंग शिकता येतं आणि ज्याला हौस आहे त्याने जरूर शिकावं. पण या मेसेजच्या भरवशावर शिकायला बसलात तर पहिल्याच आठवड्यात काहीतरी दुखावून घ्याल.

प्लगचं आधी बघू. मशीनवर लिहिलेले २०० अँपिअर हे बाहेर पडणारे असतात. अडीच मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरवर चालवला तर आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे सुमारे १८०० वॉट. त्यात मशीनमधला व्यय आणि पॉवर फॅक्टर (ओढलेला सगळाच करंट कामी येत नाही, त्याचा हिशेब) धरला की साधं मशीन भिंतीतून १३ ते १५ अँपिअर ओढतं. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे चालवणं म्हणजे वायर जाळणं. त्याला १६ अँपिअरचा पॉइंटच हवा, अर्थिंग तपासलेला, आणि मधे बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड नको.

ईएलसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आर्क पेटण्याआधी होल्डर (रॉड धरणारी मूठ) आणि जॉब (जोडायचं लोखंड) यांच्यात ६० ते ८० व्होल्ट असतात. ही बाजू मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे घरच्या लाइनपासून वेगळी असते, त्यामुळे तिथे शॉक बसला तर ईएलसीबी उडत नाही. ठाण्याच्या जुलैत हातमोजे तासाभरात घामाने भिजतात. चामड्याच्या मोज्यांची दुसरी कोरडी जोडी जवळ ठेवा आणि पायाखाली कोरडी फळी घ्या.

आता गॉगल. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने दुपारी गॉगल लावून गेटचा एक कोयंडा जोडला. संध्याकाळी ठणठणीत होता. रात्री दीडला बेल वाजली. “काका, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय, उघडताच येत नाहीत.” दोन्ही डोळ्यांतून पाण्याची धार लागलेली, आणि जिन्यातला बल्बही त्याला सहन होईना. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळाच्या वरचा पातळ पडदा भाजतो, आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. त्यामुळे काम करताना वाटतं, काही झालं नाही.

काळ्या गॉगलमधून साधारण दहा टक्के उजेड आत येतो. वेल्डिंगच्या १० नंबरच्या काचेतून दहा हजारांतला एक-दोन भाग येतो. शिवाय गॉगलच्या बाजू उघड्या, चेहरा आणि गळा उघडा. १० किंवा ११ नंबरची काच असलेला पूर्ण मास्कच लागतो. बटाट्याने गार वाटतं, जखम भरत नाही, वर जंतू जायची भीती. डोळे चोळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका, त्यांनी जखम भरायला उशीर होतो. त्या मुलाचे डोळे दोन दिवसांत बरे झाले.

गुळाची समजूत तर आमच्या शॉपमध्येही होती. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, कारण जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला साधारण १५०० अंश लागतात. लोखंड वितळण्याआधीच जस्ताची वाफ झालेली असते. ती छातीत गेली की रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. गूळ जातो पोटात, धूर जातो फुप्फुसात. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा दोन-दोन इंच घासून काढा, मोकळ्या हवेत बसा, तोंड धुराच्या वर नको. साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला.

रॉडचं लवकर सांगून होतं. ७०१८ चांगलाच आहे, पण तो ओल धरतो आणि मग ३०० अंशांच्या वर भाजून घ्यावा लागतो. घरी कोण भाजणार? नवशिक्याने ६०१३ नंबरचा रॉड घ्यावा आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवावा. गॅलरी मात्र नकोच. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात.

राहिली १० मिनिटं. आयटीआयचा वेल्डर ट्रेड १ वर्षाचा असतो, तो उगाच नव्हे. ३५० मिलिमीटरचा रॉड मिनिटभरात जळून आखूड होतो आणि तेवढा वेळ हात एका लयीत खाली आणत राहावं लागतं. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात रॉडच्या जाडीइतकंच अंतर ठेवायचं. नवा माणूस उजेडाकडे बघतो, हात खाली आणायचा विसरतो, आर्क लांबतो आणि धातू थेंबाथेंबाने भलतीकडे पडतो. बघायचं ते उजेडामागच्या वितळलेल्या डबक्याकडे. ग्रिलचा पाइप एक-दीड मिलिमीटर जाडीचा, त्याला पहिल्या दिवशी भोकंच पडणार. आणि ज्या ग्रिलला पोरं रेलून उभी राहणार, ते शिकण्याचं काम नव्हे.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून किंवा जवळच्या फॅब्रिकेटरकडून ५-६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे तुकडे आणा. एका तुकड्यावर दुसरा काटकोनात उभा करून एकाच बाजूने वेल्ड मारा, थंड होऊ द्या. मग व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) धरून वेल्ड नसलेल्या बाजूने हातोडा घाला, जोड तुटेपर्यंत. तुटलेल्या जागी काळी रेघ दिसली तर आत स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा वितळून गोठलेला मळ, अडकलाय. पट्टीची मूळ धार तशीच शाबूत दिसली तर धातू नुसता वर बसलाय, आत शिरलेलाच नाही. अँपिअर पाच-दहाने वाढवा, आर्क आखूड धरा आणि पुढचा तुकडा घ्या.