खानदानी सोयरीक कशी जुळवावी

सगळ्यात आधी पोटजात बघा. नुसती जात एक असून भागत नाही. पोटजात, तिच्यातली शाखा, आणि शाखेतली आपल्या माहितीतली ती चार-सहा आडनावं. एवढ्या चाळण्या लावून जे स्थळ उरतं ते बहुतेक वेळा चुलत्याच्या साडूचंच निघतं. उत्तम! पाहुणे ओळखीतले बरे.

मामाची पोर असेल तर बैठकसुद्धा नको. आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात म्हणे. सातबारा सामाईक चालतो, मग जनुकांनीच काय घोडं मारलंय?

पत्रिका मात्र कडक बघा. एक नाडी निघाली की 36 पैकी 8 गुण गेले, संततीला धोका, स्थळ परत! संततीची एवढी काळजी घेतल्यावर आणखी दवाखाना कशाला?

दोघांचा रक्तगट एकच आला की घाबरायचं. (काही होत नाही. पण घाबरायचं.)

कोणी रक्ततपासणीचं नाव काढलं तर घोर अपमान झाल्यासारखं उठून उभं राहा. परवा भाचीच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं, की सुपारी फुटायच्या आधी दोघांची थॅलेसेमिया-सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून लेकरांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजारांची, तपासणी करून घेऊ. मुलाचे काका ताडकन म्हणाले, "आमच्या खानदानात असलं काही नाही. तुमच्या पोरीत काही खोट आहे का?" खोट! अहो काका, वाहक माणूस, म्हणजे ज्याच्यात हा दोष आई किंवा बाप एकाकडूनच आलाय तो, तुमच्या-माझ्यासारखा धडधाकट असतो, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. नवरा-बायको दोघं वाहक निघाले तर दर गरोदरपणात मूल आजारी निघायची शक्यता 25 टक्के. दर खेपेला! पहिलं सुटलं म्हणून दुसरं सुटेल असं नाही. थॅलेसेमिया मेजरच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला वेगळं औषध. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत मुली द्यायच्या-घ्यायच्या म्हणजे तोच दोष दोन्हीकडून समोरासमोर यायला वाट मोकळी. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, सिंधी-लोहाणा समाजात थॅलेसेमिया. ज्याची त्याची वडिलोपार्जित इस्टेट. सरकारने 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढली. आपण काय केलं? रिपोर्ट कपाटात तळाशी दडवला, कारण धाकटीचं अजून जमायचंय.

मूल राहिलं नाही किंवा पडलं, तर सुनेला देवाला न्या. मुलाची तपासणी नको, घराण्याची अब्रू आहे.

पुरे झाली थट्टा. जातीबाहेर करा म्हटलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही, ठाऊक आहे. करा जातीतच. पण हळदीच्या डीजेला हजारो रुपये मोजताना हात थरथरत नाही आणि सुईभर रक्त द्यायला खानदान आडवं येतं, याची थोडी तरी लाज वाटू द्या. दोघंही वाहक निघाले तरी आभाळ कोसळत नाही. डॉक्टर समजावतात, तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला गर्भाची तपासणी करता येते, निर्णय त्या दोघांना घेता येतो. तुम्ही त्यांना कळूच देत नाही, तेवढ्यानेच घात होतो.

आणि मेळावा भरवणारे अध्यक्ष महाशय, तुमच्या फॉर्मात देवक, रास, नाडी, वर्ण, चष्मा, सगळ्यांना रकाने आहेत. या तपासणीचा एक रकाना टाकायला कोणाची परवानगी लागते? पुढचे फॉर्म छापायला जायच्या आत टाका.