‘पीडीएफ असताना पुस्तक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेक्सिकोच्या युद्धांवरील दुर्मिळ पुस्तकांच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. सगळं पीडीएफमध्ये फुकट मिळत असताना जीर्ण प्रतींवर पैसे उधळणं हा श्रीमंतांचा चाळा, हा पहिला. आणि एका देशाचा वारसा दुसऱ्यांनी आपल्या कपाटात भरणं ही लूट, हा दुसरा. दुसऱ्यात दम आहे. पहिला मात्र मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेशी झालेल्या युद्धात मेक्सिकोने जवळजवळ अर्धा मुलूख गमावला. ते संपलं त्याच वर्षी, १८४८ मध्ये, गियेर्मो प्रिएतो, मानुएल पायनो वगैरे पंधरा जणांनी मिळून त्या पराभवाचा इतिहास छापला. तो त्या युद्धात मेक्सिकोची फौज चालवणाऱ्या जनरल सांता आनाला झोंबला. पुन्हा सत्तेवर आल्यावर १८५४ मध्ये त्याने प्रती गोळा करून जाळायचा हुकूम काढला. ज्या वाचल्या त्या कुणी तरी घरात ठेवून दिल्या म्हणून! तुमची पीडीएफ अशाच एखाद्या प्रतीवरून झालेली आहे. शिवाय अशा स्कॅनमध्ये घडीचे नकाशे बरेचदा न उलगडताच टिपलेले असतात. लढाईच्या पुस्तकात नकाशाच मिटलेला असेल तर वाचायचं काय? (आणि ‘जीर्ण’ म्हणू नका हो. तेव्हाचा कागद चिंध्यांचा. माझी कॉलेजातली पेपरबॅक त्याच्या कितीतरी आधी तुकडे होऊन पडली.)

दे ला पेन्या या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या नावावरचं, टेक्सासातल्या आलामो किल्ल्याला मेक्सिकन फौजेने १८३६ मध्ये घातलेल्या वेढ्याचं हस्तलिखित बनावट आहे, असा आरोप वर्षानुवर्षं होता. किल्ल्याच्या बाजूने लढलेला, टेक्सासात वीर मानला जाणारा डेव्ही क्रॉकेट लढता लढता नव्हे, पकडला जाऊन मारला गेला, असं त्यात लिहिलंय; टेक्सासात ते कसं खपावं? १९९८ मध्ये ते लिलावात ३,८७,५०० डॉलरला गेलं. घेणारे श्रीमंतच होते, पण त्यांनी ते विद्यापीठाला देऊन टाकलं. मग कागद तपासला गेला आणि तो त्याच काळातला निघाला. ही तपासणी पीडीएफची करता आली नसती.

आता लुटीबद्दल. मेक्सिकोचा १९७२ चा कायदा सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या दुर्मिळ आणि इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या छापील पुस्तकांनाही संरक्षण देतो. तरी मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून चोरलेले, मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसच्या काळातले कागद न्यूयॉर्कच्या लिलावात पोचलेच. ते २०२१ मध्ये परत गेले. अभ्यासकांनी आधी काढून ठेवलेल्या फोटोंमुळे ती चोरी उघडकीला आली, हे मात्र तुमच्या बाजूने मोजा.

म्हणून मी हस्तलिखितांच्या वाटेला जात नाही. पुस्तक आधी कोणाकोणाकडे होतं हे विक्रेता सांगत नसेल, तर स्वस्त मिळालं तरी घेत नाही. ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला दिसला की तिथेच नमस्कार. माझ्याकडे आहे ती त्याच इतिहासाची १८५० ची न्यूयॉर्कमध्ये छापलेली इंग्रजी आवृत्ती. तिच्यातला एखादा नकाशा तुमच्या पीडीएफमध्ये मिटलेला असेल तर पान क्रमांक कळवा, उलगडून फोटो पाठवतो.